काळी चार

पासपोर्टचा फोटो आणि चांगला फोटो, या दोघांचं जगात कुठेच पटत नाही. पासपोर्टच्या फोटोत भला माणूस चोर दिसतो आणि चोर तर स्वतःलाच ओळखू येत नाही. पण किल्लीवाल्याच्या दुकानावर जो स्टुडिओ होता, तिथून बाहेर पडणारी माणसं आपला फोटो पुन्हा पुन्हा पाकिटातून काढून बघत जिना उतरायची. बावीस वर्षं हे चाललं होतं. त्यामुळे स्टुडिओच्या मालकिणीला सगळे पासपोर्टमावशी म्हणायचे, आणि तिचं खरं नाव बहुधा तिच्या स्वतःच्या पासपोर्टवरच तेवढं उरलं होतं.

एक दिवस एका मासिकाची संपादिका फोटो काढायला आली. फोटो हातात पडल्यावर ती बराच वेळ त्याकडे बघत राहिली.

"ही मी आहे?"

"दुसरं कोण बसलं होतं स्टुलावर?" मावशी म्हणाली.

संपादिका तिथेच परत स्टुलावर बसली. मासिकाचा संगीत विशेषांक निघायचा होता आणि मुखपृष्ठावर माई हव्या होत्या. माई म्हणजे साठीच्या पुढच्या, नावाजलेल्या गायिका. संपादिका लहानपणी त्यांच्याकडे तीन वर्षं शिकली होती आणि अजून त्यांच्यासमोर पाय पसरून बसत नव्हती. "साधा फोटो नकोय," ती म्हणाली. "बघितल्याबरोबर गाणं ऐकू आलं पाहिजे. काढाल?"

मावशी लगेच हो म्हणाली. हजारो चेहरे तिच्या हातून गेले होते, पण एकाही फोटोखाली तिचं नाव कधी आलं नव्हतं. इथे ते आतल्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात का होईना, छापून येणार होतं.

"एक सांगून ठेवते," संपादिका म्हणाली. "माईंना फोटोचा कंटाळा आहे. मागच्या फोटोग्राफरला अर्ध्यावर टाकून उठून गेल्या. जमलं तर उत्तम. नाहीतर त्यांचा वीस वर्षांपूर्वीचा एक फोटो आहे माझ्याकडे, तो लावू. गुरुवारी दुपारी एकला मी येते, तेव्हाच काय ते ठरवू."

ती जिना उतरून गेली आणि मावशीला घाम फुटला. कारण गाणं आणि मावशी यांचा छत्तीसचा आकडा. शाळेत समूहगीताच्या बाईंनी तिला मागच्या रांगेत उभं करून बजावलं होतं, "तू नुसते ओठ हलव." तिने ते इतकं मन लावून केलं, की बक्षीस समारंभाला आलेल्या पाहुण्यांनी नेमकं तिचंच कौतुक केलं. पुढे कोणाला कळू नये म्हणून ती कार्यक्रमाला गेली की शेजारच्या माणसाकडे बघून मान हलवायची. तो चुकला की तीही चुकायची.

स्टुडिओत तिच्या जोडीला तिची नणंद असायची. पावत्या करणं, कॉलर सरळ करणं, रडणाऱ्या बाळांसमोर खुळखुळा वाजवणं ही वन्संची कामं. मत देणं हे काम त्यांना कोणी दिलेलं नव्हतं, ते त्या आपण होऊन करायच्या.

"वहिनी, मागे भिंतीवर सूर काढू या. शेपट्या असलेले, काळे काळे," त्या म्हणाल्या.

"बेडकाची पिल्लं वाटतील ती."

"मग पंखा लावू. केस उडाले की गाणं वाटतं."

"केस उडाले की पंखा वाटतो, वन्सं."

आठवडाभर मावशीने माईंची गाणी ऐकली. भाजी चिरताना ऐकली, रिक्षात ऐकली, डोळे मिटून ऐकली. काही म्हणता काही होईना. पाचव्या दिवशी मोबाइलवर माईंची एक मैफल लावलेली असताना खाली किल्लीवाल्याने यंत्र सुरू केलं, त्या किर्र आवाजात गाणं बुडालं, आणि मावशी नुसती बघत राहिली. मग तिने आपण होऊन आवाज बंद केला. तीच मैफल तीनदा, चारदा, सातदा बघितली. पेन्सिल घेऊन पावत्यांच्या मागच्या बाजूला चित्रं काढत सुटली. ओळ सुरू व्हायच्या जरा आधी माईंचा डावा खांदा वर यायचा. हनुवटी आत जायची. उजव्या हाताची करंगळी आधी उघडायची, मग बाकीची बोटं. तासाभराच्या मैफलीत ही करंगळी एकदाही चुकली नाही. मावशीला एकदम हायसं वाटलं. गाणं तिला ऐकू येत नव्हतं, पण ते कुठून येतं हे दिसत होतं.

आता फोन करणं भाग होतं. समोर चार माणसं स्टुलावर बसवून न डगमगणारी मावशी फोन हातात घेऊन दोनदा पाणी प्यायली.

"नमस्कार माई. गुरुवारच्या फोटोसाठी... तुम्हाला काय काय लागेल?"

"मला काय लागणार?" पलीकडून आवाज आला. "भावाला आणते. तो अकॉर्डियन वाजवेल, मी थोडं गाईन. नुसतं बसून हसायला मला जमत नाही. आणि हो, माझी काळी चार. तेवढं ध्यानात असू दे."

आता या स्टुडिओची एक रीत होती. मागे पडदा म्हणून लावायच्या चादरीला तिथे कोणी चादर म्हणत नसे. 'पांढरी लाव', 'निळी धुवायला टाक', 'काळीला इस्त्री कर', अशी सगळी भाषा. पासपोर्टला पांढरी लागते, त्यामुळे पांढऱ्या ढीगभर होत्या. काळी मात्र एकच होती.

"चार?" मावशीने विचारलं. "चारही काळ्याच?"

"म्हणजे काय? पहिल्यापासून माझी काळी चारच आहे."

"नाही, माझ्याकडे काळी एकच आहे, म्हणून विचारलं."

"काळी एक?" माईंचा आवाज चढला. "अहो, काळी एकमध्ये पुरुष गातात!"

मावशीने हे मुकाट्याने लिहून घेतलं. पुरुषांना एक पुरते, बायकांना चार लागतात. असेल बाई काहीतरी.

"तीन केल्या तर चालेल?"

"काळी तीन? उतरवताय का मला?" माई क्षणभर थांबल्या. मग जरा विचित्रच सुरात म्हणाल्या, "तुम्हाला कोणी काही सांगितलंय का?"

"छे, छे! कोणी काही नाही. चार म्हणजे चार. मी करते सोय."

सोय म्हणजे बुधवारी सकाळपासून तीन पांढऱ्या चादरी काळा रंग कालवलेल्या बादलीत गेल्या. मावशी आणि वन्सं कोपरापर्यंत काळ्या झाल्या. साबण, लिंबू, रॉकेल, सगळं करून झालं, पण रंग हटेना. वन्संच्या अंगावरची नवी साडी तर कामातूनच गेली. "गाणाऱ्यांची थेरं," त्या पिळे पिळता पिळता म्हणाल्या. "चार काळ्या! गळ्यातून गातात की चादरींतून?"

गुरुवारी दहा वाजता चारी बाजूंनी चार काळ्या लागल्या. मधे एक खुर्ची, डावीकडून एकच दिवा. मावशीने खुर्चीवर वन्संना बसवून बघितलं आणि ती चकितच झाली. चारी बाजूंनी काळं असल्यामुळे उजेड कुठेच सांडत नव्हता. जो काही होता तो सगळा चेहऱ्यावर. बायकांना चार का लागतात ते तिला मनोमन पटलं. किल्लीवाल्याला तिने दोन तास यंत्र बंद ठेवायला सांगून ठेवलं होतं, आणि तो बिचारा खाली कानस घेऊन नुसता बसून होता.

माई आल्या. ठेंगण्या, ताठ, राखाडी साडीतल्या. मागे त्यांचा धाकटा भाऊ, छातीशी अकॉर्डियन धरून. वय बासष्ट, डोक्याला टक्कल, आणि नाव बाळ्या. माईंनी चार काळ्यांकडे बघितलं, मग मावशीच्या काळ्या हातांकडे, मग वन्संच्या.

"कोणी गेलंय का?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"नाही, हे तुमचंच," मावशी म्हणाली. "तुम्ही म्हणालात ना, काळी चार."

आधी बाळ्या फुटला. तो असा हसला की छातीवरचं अकॉर्डियन आपोआप कण्हायला लागलं. माईंनी खुर्चीची पाठ पकडली, पदर तोंडाला लावला, तरी हसू आवरेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी. वन्संही हसायला लागल्या, का ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"अहो बाई," बाळ्याने शेवटी अकॉर्डियनच्या पट्ट्या दाखवल्या. "या पांढऱ्या आणि या काळ्या. ही चौथी काळी. इथून माई गाणं सुरू करते. तिची पट्टी म्हणजे काळी चार. यात चादरी कुठून आल्या?"

मावशीचा चेहरा पडला. हातापेक्षा काळा झाला म्हटलं तरी चालेल. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही," ती म्हणाली. "विचारायची लाज वाटली. तुम्हाला जायचं असेल तर जा. त्यांच्याकडे तुमचा जुना फोटो तयार आहे."

माई डोळे पुसत होत्या, त्या थांबल्या.

"काहीच कळत नाही?"

"काही नाही."

"वर गेले, खाली गेले, एवढं तरी?"

"खरं सांगू? डोळे मिटले तर तुमचं गाणं आणि खालच्या किल्लीवाल्याचं यंत्र..."

"पुरे, पुरे! पोचलं." माईंनी हात वर केला. मग त्या भावाकडे बघायला लागल्या. "बाळ्या, दार लाव. आणि काळी दोन दे."

बाळ्याचं हसू मावळलं. "दोन? इथे?"

"इथेच. कोण आहे ऐकायला? ही बाई, आणि हिला काय डोंबल कळतंय!"

"मग यातल्या दोन काढू का?" मावशीने घाईघाईने विचारलं.

यावर पुन्हा सगळे हसले, पण या खेपेला माई सगळ्यांत आधी थांबल्या. खुर्चीत बसल्या आणि एखादा जुना दागिना गाठोड्यातून सोडून दाखवावा तसं त्यांनी सगळं सांगून टाकलं. दोन वर्षांपूर्वी आवाज खाली आला. आजार नाही, काही नाही, वय. काळी चारला गळा पोचेना. तेव्हापासून मैफली बंद. जगाला सांगितलं, गुडघे दुखतात. घरी मात्र स्वयंपाकघराचं दार लावून काळी दोनमध्ये गायचं, तेही बाळ्यासमोरच. ऐकणाऱ्याला पहिल्याच सुरात कळलं असतं. फोटोग्राफरही सगळे गाण्याचे शौकीन, म्हणून सांगताना काळी चार सांगायची आणि गायची वेळ आली की त्यांच्यासमोरून उठून यायचं.

"म्हणजे चष्म्याचा नंबर वाढतो, तसं?" मावशीने विचारलं.

"तसंच. पण चष्म्याची कोणी हळहळ करत नाही. आवाजाची करतात. ती मला सोसायची नाही."

बाळ्याने भाता उघडला. माई गायला लागल्या.

मावशीला त्यातलं काही कळलं नाही. पण मोबाइलवर जी बाई तिने बिनआवाजाची पाहिली होती, ती आता समोर होती. खांदा वर आला, हनुवटी आत गेली, आणि करंगळी उघडायच्या क्षणी मावशीने बटण दाबलं. पुन्हा. पुन्हा. सुरुवातीला माई कॅमेऱ्याकडे चोरून बघत होत्या, मग विसरल्या. एका ओळीनंतर त्या थबकल्या.

"तुम्ही मी सूर लावायच्या आधीच दाबताय. कसं कळतं तुम्हाला?"

मावशीने पावत्यांचा गठ्ठा पुढे केला. माईंनी एक एक चित्र बघितलं. स्वतःची करंगळी वर धरून बघितली. "चाळीस वर्षं गातेय," त्या भावाला म्हणाल्या, "आणि ही टवळी माझ्या आधी सुरू होते हे मला माहीतच नाही!"

मग मात्र मजा आली. माई गात होत्या, मधेच हसत होत्या, चुकल्या तर बाळ्याला शिव्या देत होत्या. वन्सं दिवा धरून उभ्या होत्या आणि कोणी न विचारता सांगत होत्या की उजवी बाजू जास्त छान दिसते. मावशी खुर्चीभोवती फिरत होती, गुडघ्यावर बसत होती, एकदा तर चक्क आडवी झाली. इतकं सुख तिला बावीस वर्षांत कामात मिळालं नव्हतं.

फिरता फिरता तिला दोन काळ्यांच्या फटीत कोणीतरी दिसलं. संपादिका. एकला यायची ती बाराला आली होती, आणि बाळ्याने दाराची कडी नीट लावली नव्हती. ती चप्पल हातात घेऊन उभी होती. तिखट कानाची बाई. गुरूचा आवाज दोन घरं खाली आलाय हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

मावशीची नजर तिथे गेली आणि तिच्या नजरेमागे माईंची. सूर मधेच तुटला. बाळ्याचा भाता एक लांब सुस्कारा सोडून मिटला.

"कधीपासून उभी आहेस?" माईंनी विचारलं.

"दुसऱ्या ओळीपासून," संपादिका म्हणाली.

"म्हणजे कळलं तुला."

माई उठल्या, पदर सारखा केला. "तो जुना फोटो लाव. चांगला आहे तो. आणि खाली लिही, माई काळी चारमध्ये गायच्या. गायच्या, असं लिही."

आपलं नाव गेलं हे मावशीला कळलं, पण त्याहून जास्त राग आला तो जुन्या फोटोला चांगला म्हटल्याचा. "तो जुना फोटो आहे का जवळ? दाखवा बरं," ती संपादिकेला म्हणाली.

संपादिकेने पिशवीतून पाकीट काढलं. जरीची साडी, वर उचललेली मान, मिटलेले डोळे. मावशीने तो दिव्याखाली धरला आणि शेजारी आपला कॅमेरा ठेवला, मागच्या स्क्रीनवर आत्ताचाच फोटो.

"माई, सुरातलं मला कळत नाही. पण माझ्यासमोर रोज वीस माणसं घाबरून बसतात. घाबरलेला चेहरा मला झोपेतही ओळखता येतो. या जुन्या फोटोत ही मानेची शीर बघा. हा आवळलेला अंगठा. तुम्ही घाबरला आहात. या नव्या फोटोत नाही."

बाळ्याने वाकून बघितलं आणि घसा खाकरला. "माई, खरं आहे. वरचा सूर लागेल की नाही म्हणून तू दर मैफलीआधी थरथरायचीस. ऐन भरात होतीस तेव्हासुद्धा. मी हात धरून बसायचो तुझा."

"चूप बस," माई म्हणाल्या, पण ओरडल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला. नव्या फोटोतली बाई खुर्चीत पुढे झुकली होती, तोंड नुकतं उघडलेलं, हात अर्धा उमललेला, आणि आता काय येणार आहे याची तिला स्वतःलाच मोठी उत्सुकता असावी अशी दिसत होती. केस पांढरे होते. गळ्याला सुरकुत्या होत्या. माईंनी तो फोटो खूप वेळ बघितला. जुना उचलून एकदा बघितला आणि खाली ठेवला.

"ही बाई बरी दिसतेय," त्या म्हणाल्या.

वन्संनी दिवा पुन्हा उचलला.

"बाळ्या, काळी दोन." माई खुर्चीत बसल्या आणि संपादिकेकडे वळल्या. "तू का उभी आहेस? बस खाली. अर्धंच ऐकलंयस."

संपादिका चपला बाजूला ठेवून जमिनीवरच बसली. माईंनी पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी दार उघडं होतं. खाली किल्लीवाला जिन्याशी येऊन उभा राहिला, तो यंत्र सुरू करायची परवानगी विचारायला आला होता पण विचारायचं विसरला. मावशीने कॅमेरा डोळ्याला लावला. कानांना नेहमीसारखंच काही कळलं नाही. पण बाळ्याचे डोळे मिटले होते आणि मिटलेल्या पापण्यांतून पाणी गळत होतं, संपादिका रडता रडता हसत होती, आणि माईंच्या मानेवरची शीर कुठेच दिसत नव्हती. तेवढ्यावरून गाणं चांगलं चाललंय हे मावशीने ओळखलं.

गाणं संपल्यावर संपादिकेने नाक पुसलं आणि वही उघडली. "मग माई, फोटोखाली काय लिहू?"

"माई काळी दोनमध्ये गातात," माई म्हणाल्या. "गातात, असं लिही. आणि या बाईंचं नाव जरा मोठ्या अक्षरात घाल."